‘फिट हूँ, साब’

माझी शेवटची पोस्टिंग घरापासून दीड तासावर आली. सगळी नोकरी बर्फ, वाळू आणि पुन्हा बर्फ अशी फिरण्यात गेली होती. नागपूरजवळच्या छावणीतल्या एका इंजिनियर रेजिमेंटचा मूव्हमेंट ऑर्डर हातात पडला, तेव्हा बायकोनं वर्ध्याजवळच्या नालवाडीचं घर रंगवायला काढलं. मी हवालदार, ट्रेड नर्सिंग असिस्टंट. रायफल चालवायला शिकलो, पण आयुष्य गेलं ते थर्मामीटर, बँडेज आणि जवानांच्या तक्रारी ऐकण्यात. खरं सांगायचं तर तक्रारी काढून घेण्यात, कारण जवान स्वतःहून तक्रार करत नाही.

सिव्हिलमधल्या लोकांना सिक परेड ठाऊक नसते. सकाळी पीटी संपली, की ज्याला काही दुखत असेल त्यानं एमआय रूमसमोर लाइनीत उभं राहायचं. एमआय रूम म्हणजे युनिटचा दवाखाना. आत आरएमओ, म्हणजे युनिटचे डॉक्टर, आणि त्यांच्या बाजूला मी. ताप-खोकला लवकर आटपतो. वेळ लागतो तो ज्यांना पूर्वी दुखापत झाली आहे त्यांना. फौजेत प्रत्येक माणसाला मेडिकल कॅटेगरी असते. वरची कॅटेगरी म्हणजे कुठंही पाठवा, काहीही करवून घ्या. खाली घसरला की लाइट ड्यूटी, कोर्स बंद, प्रमोशन बंद, आणि पुढच्या मेडिकल बोर्डाची वाट बघणं. बोर्डापुढं जायच्या आधी आम्ही त्याला त्याच्या कामाचं विचारायचो. किती वजन उचलतोस, किती चालतोस, उकिडवं बसता येतं का, हात डोक्याच्या वर जातो का. आधी त्याच्या तोंडून ऐकायचं, मग आपण तपासायचं.

आणि सगळ्यांचं उत्तर एकच. ‘फिट हूँ, साब.’

एकदा पायाला प्लास्टर असलेल्या एका हरियाणवी शिपायानं मला हेच सांगितलं. मी प्लास्टरकडं बघितलं, त्यानंही बघितलं, आणि तरी म्हणाला, ‘बस इतना सा है, साब.’ कामचुकारही असत, नाही असं नाही. त्यांचं दुखणं बरोबर धावण्याच्या टेस्टच्या आदल्या दिवशी उगवायचं. पण ते थोडे. बाकीचे आजार असा लपवत, की जणू आजार ही चोरी आहे. मला त्याचा राग यायचा. अजून येतो.

आमचे आरएमओ कॅप्टन साहेब केरळचे. डॉक्टर हुशार, हाताला गुण चांगला, पण हिंदी कच्ची. त्यामुळं विचारपूस बरीचशी माझ्यावर पडे. त्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. रेजिमेंटमध्ये वर्धा, यवतमाळ, चंद्रपूरकडची पोरं बरीच होती. टेबलासमोर सावधान उभं राहून हिंदीत जो पोरगा ‘फिट हूँ’ म्हणे, तोच बाहेर नळावर पाणी प्यायला आला आणि मी आपल्या बोलीत विचारलं, ‘कसं काय बाप्पा, लय दुखते का?’ की सगळं सांगून टाकी. वर्दीतली भाषा वेगळी आणि आईजवळची वेगळी. म्हणून आमच्या भागातल्या पोरांना मी दोनदा विचारायचो, एकदा आत आणि एकदा नळावर. कॅप्टन साहेबांना हे सांगितलं तेव्हा ते आधी हसले. पण दोन-तीन वेळा तपासणीत नळावरचं उत्तरच खरं निघालं, तेव्हापासून माणूस बाहेर गेला की ते मलाच विचारू लागले, ‘कुंभारे, होम आन्सर क्या है?’

प्रशांत भोयर वर्धा जिल्ह्यातल्या अल्लीपूरचा. नाईक, रंगानं सावळा, बुटका, हातपाय कमावलेले. आमच्या इंजिनियर लोकांकडं फुगवायच्या रबरी बोटी असतात, त्यांना मागं दोरी ओढून सुरू करायची मोटर लावतात. तिला आम्ही ओबीएम म्हणतो. युनिटमध्ये त्याच्याइतकी चांगली ओबीएम कुणाला चालवता येत नव्हती. अल्लीपूरच्या माणसानं पोहायला कुठं शिकावं हा मला प्रश्न पडे. तो म्हणे, ‘भाऊ, विहिरीत. बापानं कंबरेले दोर बांधून ढकलला.’ मी वर्ध्याचा म्हटल्यावर त्यानं मला पहिल्याच दिवशी भाऊ केलं. सुट्टीवरून येताना माझ्यासाठी घरची तूरडाळ आणायचा आणि ती पोचली की नाही हे माझ्या बायकोला फोन करून विचारायचा.

ऑब्स्टॅकल कोर्सवर दोराला लटकताना त्याचा उजवा खांदा निखळला होता. बसवला. नंतर आणखी दोनदा निखळला, एकदा तर नुसतं पाठीवरचं पॅक काढताना. ऑपरेशन करू म्हटलं तर तो पुढं ढकलत राहिला, कारण ऑपरेशननंतर बरेच महिने लाइट ड्यूटी, आणि हवालदाराच्या प्रमोशनला तेवढा वेळ त्याच्याकडं नव्हता. पोळ्याच्या सुमारास त्याचा बोर्ड होता. त्यात कॅटेगरी वर गेली तर तो हवालदार होणार होता. नाही गेली तर नाईक म्हणूनच घरी. त्याला एवढंच हवं होतं, बोटीवर परत जायचं आणि तिसरी फीत लावायची.

श्रावणात त्याची तपासणी केली. आत त्यानं छाती काढून उत्तरं दिली.

‘वजन?’

‘पूरा, साब.’

‘हाथ ऊपर?’

‘फिट हूँ, साब.’

मग नळावर मी विचारलं. त्यानं पाणी तोंडावर मारून घेतलं आणि खाली बघत म्हणाला, ‘तुमच्यापासून काय लपवू, भाऊ. शर्ट घालतानी पयले उजवा हात टाकतो. डावा पयले टाकला का उजवा जातच नाई. रात्री त्या कुशीवर झोपलो का मुंग्या येतेत. वर नेऊन मागं झटका बसला, का वाटते आता निसटते.’

‘मंग बोटीची दोरी कशी ओढतं?’

‘डाव्यानं ओढतो ना.’

‘आन डाव्यानं नाई झालं तर?’

तो हसला. ‘तवा पाहू.’

मी ते आत जाऊन सांगितलं. कॅप्टन साहेबांनी त्याला परत बोलावून स्टुलावर बसवलं, कोपर वाकवून हात बाजूला उचलला आणि हळूच मागं वळवला. गोटा फेकताना हात जसा जातो तसा. भोयरच्या तोंडातून आवाज नाही निघाला, पण डाव्या हातानं त्यानं स्टुलाची कड अशी धरली, की बोटं पांढरी पडली. साहेबांनी लगेच हात सोडला. ऑर्डर झाली ती अशी: बोट नाही, दोराला लटकणं नाही, ओढण्याचं काम नाही. फक्त किनाऱ्यावरचं काम. बोर्डाला जे सांगायचं ते नंतर.

दोन दिवस भोयर माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी चहा घेऊन आला. ‘तुमी तुमचं काम केलं,’ म्हणाला, ‘म्या काऊन राग धरू?’ पण चहा ठेवून बसला नाही, निघून गेला.

आठवडाभर पाऊस थांबला नव्हता. यशोदा नदी पात्राबाहेर आली, नाले उलटे भरले, आणि जिल्ह्यातून फ्लड रिलीफ कॉलमची, म्हणजे पूरमदतीच्या तुकडीची, मागणी आली. सकाळी सहाला आम्ही छावणीतून निघालो. दोन बोटी, तीन गाड्या, आणि कॉलम कमांडर मेजर साहेब, पंजाबचे, फार कमी बोलणारे. कॅप्टन साहेब मुख्यालयात थांबले, मेडिकल पार्टी म्हणजे मी एकटा. भोयर यादीत होता तो दोर, पेट्रोल आणि किनाऱ्याच्या कामासाठी. अल्लीपूरच्या शाळेत आमचा तळ पडला. स्वतःच्या गावात, स्वतःच्या शाळेत तो फौजी म्हणून उतरला, आणि काम मिळालं पेट्रोलचे डबे वाहायचं. तेही डाव्या हातानं. पोरं त्याच्याभोवती गोळा झाली. ‘काका, बोट तुमी चालोता का?’ त्यानं त्यांना पिटाळून लावलं. मला वाईट वाटलं, पण ऑर्डर ती ऑर्डर.

दुपारपर्यंत काम ठीक चाललं. मेजर साहेब एक बोट घेऊन वरच्या अंगाला पुलाकडं गेले. तिकडं एका वस्तीला पाण्यानं वेढलं होतं. दुसरी बोट आमच्याजवळ, तिच्यावर लान्स नाईक रावत, गढवालचा. गावाबाहेर एका व्यापाऱ्याचं कापसाचं गोडाऊन होतं, निळ्या टिनाच्या छपराचं. माल वाचवायला म्हणून सेठ तिथंच थांबला होता, आणि नवरा येत नाही म्हणून त्याला आणायला गेलेली सेठाणीही अडकली. शिवाय मुनीम आणि दोन हमाल. पाचही जण छपरावर. आमच्यापासून तिथवर शेतं होती, पण आता सगळं एकच गढूळ पाणी झालं होतं, आणि त्यातून झाडांचे नुसते शेंडे दिसत होते.

रावतनं पहिल्या फेरीत मुनीम आणि हमालांना आणलं. तिघं उतरले आणि त्यांच्या मागून रावत उतरला तो हात पोटाशी धरून. छपराच्या टिनाची कड त्याच्या तळव्यात शिरली होती. मी हाताला गुंडाळलेला रुमाल सोडला आणि बघितलं. अंगठ्याखालची शीर तुटली होती, अंगठा हलत नव्हता. त्या हातानं हँडल धरणं शक्य नव्हतं. मी दाबून बँडेज बांधलं.

छपरावर सेठ आणि सेठाणी राहिले. वारा आला की टिन धडधडे आणि सेठाणीचा आवाज आमच्यापर्यंत येई. शब्द कळत नव्हते. किनाऱ्यावर सगळं गाव जमलं होतं. मुनीम माझ्या पायाशी बसून रडत होता, ‘साहेब, टिन सुटून राह्यलं, त्याले आणा हो, माय बसली हाये तिथं.’ आणि गर्दीतून कुणीतरी ओरडलं, ‘अरे, आपला परश्या हाये ना! भोयरचा पोट्टा! तो चालोते ना बोट!’

सगळ्यांची तोंडं भोयरकडं वळली.

मी सेट उचलला. वायरलेसवर कमांडरला टायगर म्हणतात आणि मेडिकलला स्टारलाइट.

‘टायगर, स्टारलाइट. बोट ऑपरेटर घायल. छत पर दो सिव्हिलियन बाकी. दूसरी बोट भेजिए. ओव्हर.’

‘स्टारलाइट, टायगर. बोट लोडेड है. आने में टाइम लगेगा. दूसरा ऑपरेटर? ओव्हर.’

‘सिर्फ भोयर है. लो मेडिकल. ओव्हर.’

थोडा वेळ नुसती खरखर. मग, ‘उससे पूछो. ओव्हर.’

भोयर माझ्यासमोरच उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. लाइफ जॅकेट त्यानं आधीच घातलं होतं. मी त्याला बाजूला घेतलं आणि बोलीत विचारलं, ‘परशांत, खरं सांग. होईन का तुह्याच्यानं?’

तो सावधान उभा राहिला आणि म्हणाला, ‘फिट हूँ, साब.’

त्यानं मला कधी साब म्हटलं नव्हतं. मी पुन्हा म्हणालो, ‘आपल्या बोलीत सांग बाप्पा. इथं कोणी नाई.’ तो माझ्याकडं बघत नव्हता, छपराकडं बघत होता. एकदा तोंड उघडलं, मिटलं. मग तेच. ‘फिट हूँ, साब.’

मला तेव्हाच सगळं कळलं. पण जवान हिंदीत बोलला, म्हणून तो अनफिट आहे, असं वायरलेसवर कसं सांगायचं? जगातला कुठला मेजर ते ऐकून घेईल?

‘टायगर, स्टारलाइट. जवान खुद बोलता है, फिट. मेरी राय, नहीं. ओव्हर.’

‘नहीं मतलब बिलकुल नहीं, या रिस्क है? ओव्हर.’

मी प्रामाणिक उत्तर दिलं. ‘एक बार जा सकता है, साब. इंजन बंद पड़ा तो नहीं कर पाएगा. ओव्हर.’

‘छत कब तक टिकेगी? ओव्हर.’

‘पता नहीं, साब. हिल रही है. ओव्हर.’

 मी मेजर साहेबांना आजही दोष देत नाही. छपरावर दोन माणसं, किनाऱ्यावर एक जवान जो स्वतः म्हणतो मी जातो, आणि एक नर्सिंग असिस्टंट जो म्हणतो नको. त्यांच्या जागी मी असतो तरी तेच बोललो असतो.

‘भेजो. आउट.’

भोयरनं सॅल्यूट मारला. उजव्या हातानं. कोपर खांद्यापर्यंतही वर गेलं नाही, हे मी पाहिलं. शिपाई यादव, एक तगडा तरुण पोरगा, पुढं दोर घेऊन बसला. भोयरनं डाव्या हातानं दोरी ओढली, इंजिन पहिल्याच झटक्यात लागलं, आणि गावानं टाळ्या वाजवल्या. कुणीतरी ‘भारत माता की जय’ केलं. मला त्या टाळ्या नको वाटल्या.

तो गेला मात्र सुरेख. प्रवाहाला तिरकी बोट घालत, झाडांचे शेंडे टाळत, जराही घाई न करता. बोट छपराला लावली. यादवनं आधी सेठाणीला उतरवलं, मग सेठला. सेठ उतरायला तयार होत नव्हता, हातवारे करून काहीतरी दाखवत होता. बहुतेक कापूस. भोयरनं काहीतरी दरडावलं आणि तो बसला. बोट वळली. मी श्वास सोडला. मुनीमनं मला मिठी मारली.

अर्ध्या वाटेत पाण्यातून कडब्याच्या पेंढ्या वाहत आल्या. कुणाच्या तरी शेतातली सगळी गंजीच सुटली होती. इंजिन घरघरलं आणि थांबलं. बोट आडवी होऊन खाली सरकायला लागली. भोयरनं इंजिन वर उचलून पंख्यातला कडबा काढला, परत खाली टाकलं आणि डाव्यानं दोरी ओढली. नाही लागलं. पुन्हा ओढली. बोट बाभळीकडं चालली होती. मग तो उभा राहिला, दोरी उजव्या हातात घेतली आणि पूर्ण झटका देऊन मागं ओढली.

तेवढ्या अंतरावरून मला त्याचा चेहरा दिसत नव्हता. हात दिसला. तो खाली पडला आणि नुसता लोंबत राहिला, आतून काही धरून ठेवणारं उरलं नाही तसा. इंजिन लागलं नव्हतं. भोयर गुडघ्यावर बसला, डाव्या हातानं वल्हं शोधू लागला, आणि बोट बाजूनं बाभळीवर आदळून उलटली.

‘टायगर, स्टारलाइट. बोट कॅप्साइज. चार आदमी पानी में. ओव्हर.’

 उत्तर आलं ते फक्त, ‘आ रहा हूँ.’ ओव्हर नाही, आउट नाही.

यादव आणि सेठ बाभळीला धरून होते. काट्यांनी दोघांची अंगं फाटली, पण ते धरून राहिले. सेठाणी एकदा वर आली, साडीचा पिवळा रंग दिसला, मग तोही दिसला नाही. भोयर मला एकदाही दिसला नाही. रावत जखमी हातानं पाण्यात शिरू लागला, त्याला आम्ही चौघांनी धरून ठेवलं.  गर्दीतला एक म्हातारा तेवढा म्हणत राहिला, ‘परश्या पोहते ना. परश्याले पोहता येते.’

मेजर साहेबांची बोट आली, तेव्हा बाभळीवर दोघंच होते.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं आणि तो सापडला. खालच्या अंगाच्या एका शेताला रानडुकरांसाठी तारेचं कुंपण होतं. त्याचं जॅकेट त्या तारेत गुंतलं होतं. बकल डाव्या हाताला सापडेल अशा बाजूला नव्हतं. दोन हात असते तर सुटला असता. मी स्वतः त्याला तारेतून काढला आणि स्वतः तपासला, कारण दुसऱ्या कुणी तपासलेला मला चालला नसता. उजवा खांदा जागेवर नव्हता. मी तो बसवला. मेलेल्या माणसाचा खांदा बसवण्यात काही अर्थ नाही हे मला कळत होतं, पण तसा त्याला घरी न्यायला मला जमेना. सेठाणी त्याच्याही पुढं सापडली.

आणि ते छप्पर पडलं नाही. हे मला सांगितलंच पाहिजे. वारा थांबला, पाणी उतरलं, आणि टिन जागच्या जागी राहिलं. आजही त्या रस्त्यानं गेलं की ते दिसतं, त्याच गोडाऊनचं, त्याच निळ्या रंगाचं. सेठनं धंदा बंद केला आणि मुलाकडं राहायला गेला. बोट गेली नसती तर दुसऱ्या दिवशी दोघंही चालत घरी गेले असते. पण हे त्या वेळी कुणाला ठाऊक होतं?

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. मला विचारलं, जवानानं स्वतः फिट असल्याचं सांगितलं होतं का? मी म्हणालो, हो. तुमचं मत काय होतं? मी म्हणालो, नाही. दोन्ही उत्तरं लिहून घेतली. दोष कुणाचा निघाला नाही, आणि निघायलाही नको होता. कधी कधी वाटतं, एखादा नालायक अधिकारी सापडला असता तर बरं झालं असतं, निदान शिव्या घालायला माणूस मिळाला असता. शेवटच्या दिवशी मेजर साहेब व्हरांड्यात माझ्याजवळ येऊन उभे राहिले. ‘कुंभारे,’ म्हणाले, ‘तूने सही बोला था.’

मी म्हणालो, ‘उसने भी सही बोला था, साब. एक बार तो ले गया.’

 त्यांचे डोळे भरले होते. माझेही.

त्यानंतर मी लवकरच रिटायर झालो. आता वर्ध्यातल्या एका रुग्णालयात काम करतो. अपघातातून उठलेले, पाठीचे, गुडघ्याचे पेशंट कामावर परतायच्या आधी आमच्याकडं येतात, आणि मी त्यांना तेच विचारतो. वजन उचलता येते का, जिना चढता येतो का, दिवसभर उभं राहता येते का. मला वाटलं होतं सिव्हिलमध्ये तरी लोक खरं बोलतील. कुठलं काय! परवा गिरडहून एक हमाल आला होता, कमरेत पट्टा. पोती उचलता येतात का? ‘येतेत ना साहेब, बिनधास्त.’ मी विचारलं, मागच्या खेपेला उचलली, त्याच्या दुसऱ्या दिवशी काय केलं? म्हणाला, ‘झोपून होतो. बायकोनं उठवून बसोलं.’ डॉक्टर आणि मी, दोघांनीही त्याला हे काम नको म्हणून सांगितलं. तो ऐकून घेऊन गेला आणि सोमवारी पोत्यांवर हजर झाला. ठेकेदारानं त्याला एवढंच विचारलं, होते का? तो म्हणाला, होते. हे असंच चालणार. मी विचारत राहीन आणि ते होते म्हणत राहतील. मला यातून वाट दिसत नाही.

दरवर्षी त्या दिवशी मी अल्लीपूरला जातो. भोयरची बायको संगीता अंगणवाडीत काम करते. मुलगी आरोही आता मोठी झाली आहे, शाळेत वर्गात पहिल्या पाचात असते. मी गेलो, की फोटोला हार घालतो, चहा घेतो, आणि फारसं बोलणं होत नाही. या वर्षी पोरगी ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसली. वडील गेले तेव्हा ती फार लहान होती. मी विचारलं, ‘बाबाची काय आठवण हाये तुले?’

‘बाबा मले खांद्यावर बसवून गावभर फिरवे,’ ती म्हणाली.

‘असं? वर उचलून घे का?’

‘नाई. बाबा उचलत नोते. मी इथं ओट्यावर उभी राहू. बाबा खाली पाठ करून उभे राहे. मंग मी सोताच चढू. म्या म्हटलं, बाबा, संजूचे बाबा त्याले वर उचलते, तुमी काऊन नाई उचलत? तं बाबा म्हणे, हा फौजी कायदा हाये. सोल्जरनं सोताच चढा लागते.’

संगीता दारात कप घेऊन उभी होती. ती तिथंच थांबली.

‘मले वाटे खेळ हाये त्याचा,’ ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. ‘मले तं म्हणे, खांदा पुरा बरा झाला. फोनवर बी तेच, सुट्टीत बी तेच. दुखे का हो त्याले?’

नळावर तो जे बोलला होता, ते मी कधी कुणाला घरी सांगितलं नव्हतं. माझी समजूत होती, हिला ते ठाऊकच असणार.

‘हो,’ मी म्हणालो. ‘दुखत होता.’

‘लय?’

‘त्या कुशीवर झोपता येत नोतं त्याले.’

 ‘मी म्हणो, तोंड फिरवून काऊन झोपता,’ ती म्हणाली. ‘भांडू मी त्याच्यासंग.’

तिनं पोरीला पाणी आणायला आत पाठवलं. कप खाली ठेवला, ओट्यावर, पोरगी जिथून चढायची त्या कडेला बसली, आणि पदर तोंडाशी धरून रडली.